समोरच्या गिरणीची रांग

"बाई, तुमच्या देराले आवरा. नाही तं मी ठाण्यात जातो."

समोरच्या मिलचा मुनीम मोतीलाल माझ्या दारात उभा राहून हे बोलला, तेव्हा मी उसन्या धानाच्या, म्हणजे भरडण्याआधी उकडून घ्यायच्या धानाच्या, चुलीत लाकूड सारत होते. मी मान वर केली नाही. मुनिमाकडे मान वर करून पाहायचं, तर मालकाकडे कसं पाहायचं?

"काय केलं त्यानं? तुमच्या मिलची वीट उचलली?"

"उचलली असती तं बरं झालं असतं. सकाळपासून चिंचेखाली बसते. आमच्याकडं धानाची बैलबंडी आली की जमिनीवर रेघ मारते, बंडी गेली की पुसते. गिऱ्हाईक भेऊन राह्यले ना! म्हणते, बाईनं मंतर मारणारा बसवला."

"मंतर येत असता तं तुह्या मालकाची मशीन कवाच गप झाली असती. त्याले मोजायची खोड आहे. लहानपणी माह्या ताटातल्या पोळ्या मोजे. जा, ठाण्यात जा. सांग दरोगा साहेबाले, एक माणूस जमिनीवर रेघा मारून राह्यला. हातकडी घेऊनच येतील ते."

आमच्या मिलवर कामाला येणारी शेवंताबाई बाजूला कनकी, म्हणजे मोडका तांदूळ, पाखडत होती. तिनं सूप तोंडापुढे धरलं, पण सुपातून हसू गळायचं ते गळलंच. मोतीलाल पाय आपटत रस्ता ओलांडून गेला.

हा देर म्हणजे माझा धाकटा दीर, चिंतामण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो पाळण्यातून नुकता उतरला होता आणि सासू वर गेली होती. माझ्याच पदराला धरून तो चालायला शिकला. मी स्वतः दुसरीच्या पुढे गेले नाही, पण याला जबलपूरला पाठवून गणित शिकवलं ते माझ्या हट्टानं. लोकांना वाटलं, हा कलेक्टर कचेरीत खुर्चीवर बसेल. तो तिरोडीच्या खाणीत वॅगनींचा क्लार्क झाला. रेल्वेकडून वॅगनी केव्हा मागवायच्या, कोणती आधी भरायची, म्हणजे मँगनीज उघड्यावर पडून राहणार नाही आणि वॅगनही रिकामी उभी राहणार नाही, एवढंच त्याचं काम. बरोबर झालं तर कोणाला पत्ता लागत नाही, चुकलं तर साऱ्या तिरोडीला कळतं. बायांच्या स्वयंपाकासारखंच म्हणा. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "सवड नाही, वहिनी."

त्याला मीच बोलावून घेतलं होतं. कारण आमच्यावर वेळच तशी आली होती.

लालबर्‍याच्या रस्त्यावर, बालाघाट संपता संपता आमची मिल. एक हलर, म्हणजे धान भरडायची जुनी लोखंडी मशीन, एक इंजिन, मागे उसन्या धानाच्या चुली, पुढे वाळवणाचा फरसबंद ओटा. माझे मालक गेल्यावर लोक म्हणाले, बाई गिरणी काय चालवणार. मी चालवली. मिस्त्री नथ्थू हलर बघायचा आणि मी नथ्थूला बघायची. मालकांचं नाव होतं चिन्नोरवर. चिन्नोर ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून कळायचं नाही. एका घरी शिजते आणि चार घरांची भूक चाळवते, असा तो तांदूळ. लालबर्‍याच्या पाटलांची चिन्नोर आमच्याकडे, कचेरीतल्या मराठी साहेबांची आमच्याकडे, देवळाच्या भंडाऱ्याची आमच्याकडे. कोणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, वास येईल तिथं थांबा.

मग बरोबर समोर भोजराजनं मिल टाकली. पोरगा माझ्या मांडीवर खेळलेला, बाप माझ्या मालकांचा मित्र. खाणीवर ट्रक लावून पैका आला होता. त्यानं रबरी रोलरची नवी मशीन आणली आणि भरडाईचा भाव आमच्याहून कमी ठेवला. मी त्याच्याहून कमी केला. तो आणखी खाली आला. मी आणखी. पावसाळा संपेपर्यंत आम्ही दोघं इतके खाली आलो, की इंजिनाचं तेलसुद्धा सुटेना. त्यातच एक दिवस तो पाया पडायला आला आणि म्हणाला, "काकी, कायले त्रास घेता? मिल मले देऊन टाका. पाटी काकांच्याच नावाची ठेवतो. दिवाळीपर्यंत सांगा."

मी त्याला चहा पाजला, कारण तो घरी आला होता. तो गेल्यावर कपबशी स्वतः घासली. नथ्थूला म्हणाले, "उद्यापासून फुकट भरडायचं. पाहू कोण आधी बसते."

नथ्थू म्हणाला, "बाई, आपणच आधी बसू."

तेव्हा मी तिरोडीला जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ निरोप दिला, की चिंतामणाला म्हणावं तुझ्या भावाची मिल जाऊन राह्यली, रजा काढ आणि ये.

तो आला. आल्यापासून मला एक प्रश्न विचारला नाही, आणि जाऊन बसला तो चिंचेखाली. मोतीलालच्या तक्रारीनंतर त्या दिवशी दुपारी तो घरी जेवायला आला, तसा मी त्याला ताटावरच धरला.

"किती दिवस रेघा मारशील? लोक मले मंतरवाली म्हणून राह्यले."

"झालं माहं मोजून." तो उठला, हात धुतले, चुलीतला कोळसा घेतला आणि ओट्यावर बसून चार खाने काढले. आपण भाव पाडला, नाही पाडला. त्यानं पाडला, नाही पाडला. मग सुपातला धान घेतला आणि प्रत्येक खान्यात दोन दोन ढीग घातले. एक आमचा, एक भोजराजचा.

"हे पाहा, वहिनी. दोघांनी भाव धरून ठेवला तं दोघांचे ढीग बरे आहेत. पण त्यानं धरला अन् आपण पाडला, तं आपला ढीग केवढा होते?"

"हा मोठा."

"अन् तो?"

"त्याची मूठभर. चांगलं आहे की! हाच खाना घे."

"तोही असंच म्हणते ना. तो हा दुसरा खाना घेते, जिथं त्याचा मोठा अन् आपली मूठभर. दोघंही शहाणे. दोघंही आपापल्या शहाणपणानं भाव पाडतात. अन् जाऊन बसतात कुठी?" त्यानं शेवटच्या खान्यावर बोट ठेवलं. तिथं दोन्ही ढीग म्हणजे चिमणीचा घास.

 पावसाळाभर जे चाललं होतं ते सारं त्या कोळशाच्या चौकटीत होतं. मला अडाणी म्हणणारे म्हणोत, पण समोर धान ठेवला तर मला काय कळत नाही?

"मंग त्याच्याशी बोलून घेऊ? तूही पाडू नको, मीही पाडत नाही?"

"बोलून घ्याल. तो हौ म्हणेन. अन् सकाळी चूपचाप पाडेन. कारण बोलल्यानं ढीग बदलत नाही. तुम्ही नसता पाडला?"

"पाडला असता," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "अन् जो आधी भिकेले लागला तो हरला, असंच ना? त्याच्या मागं ट्रक आहेत. माह्या मागं काय, शेवंताबाई?"

"मले कायले मधात घेता, बाई!" शेवंताबाई म्हणाली.

इतक्यात आमची तांबडी कोंबडी ओट्यावर चढली आणि भोजराजचा मोठा ढीग टिपायला लागली. मी म्हणाले, "हा खरा हिशेब. हिले रोज तिकडं सोडत जाऊ." चिंतामण हसला. आल्यापासून पहिल्यांदा. मग त्यानं पायानं चारही खाने पुसून टाकले आणि म्हणाला, "म्हणून हा खेळच खेळायचा नाही. भावाचा नाही. धानाचा खेळायचा."

"म्हणजे?"

"आपण चिन्नोर सोडून द्यायची."

मी ऐकलं नाही असं नाही. पण कान म्हणाले, तू ऐकलं नाहीस.

तो सांगत राहिला. रबरी मशीनमध्ये चिन्नोरसारखा बारीक तांदूळ अख्खा निघतो, आपल्या हलरमध्ये मोडतो. जाड्या धानाचं तसं नाही, आणि उसन्याचं तर नाहीच नाही. शिवाय भोजराज कोंडा ठेवून घेतो, तेलवाल्याला विकतो. आपण कोंडा गिऱ्हाइकाला परत देतो, त्यावर त्याचे बैल आणि कोंबड्या जगतात. म्हणजे जाडा धानवाला खरं तर आपलाच आहे, नुसता भावासाठी तिकडं जातो.

"अन् चिन्नोर दिल्यावर त्यानं जाडा धानही घेतला तं?"

"घेऊ शकणार नाही. म्हणून तं मोजत होतो. त्याच्या मशीनले आता थोडीच सवड आहे. चिन्नोर सारी तिकडं गेली की सवड संपते. अन् वहिनी, मशीन पुरी भरत आली की रांग हळूहळू नाही वाढत. दुधासारखं असते. तापते तोवर शांत, अन् मंग एकदम ऊतू. तिरोडीले मी रोज पाहतो. सायडिंगवर, वॅगनी उभ्या राहतात त्या रुळावर, जरा जागा मोकळी असली की सारं धकते. ती जागा भरली की एका वॅगनीपायी सारी लाईन ठप्प. तसंच इथी. चिन्नोरची भरडाई जास्त. तो चिन्नोरवाल्याले थांबवून जाड्याले घेणार नाही. जाडावाला संध्याकाळपर्यंत उन्हात उभा राहणार नाही. त्याची रांगच आपली राखण करेन."

गणित म्हणून ते गोड होतं. पण मी उठले.

"या मिलवर तुह्या भावाचं नाव आहे ते चिन्नोरपायी. जाडा धान तं कोणीही भरडते. साऱ्या जिल्ह्यात वास कोणाच्या गिरणीले होता? तुह्या त्या खान्यात तुहा भाऊ कुठी बसते, सांग."

चिंतामण खाली पाहत होता. कोळशानं काळी झालेली बोटं धोतराला पुसली, तेसुद्धा त्याला कळलं नसावं.

"दादा नाही बसत, वहिनी. मी बसवून पाह्यला. भल्ला पाह्यला. दादाले बसवलं की मिल उठते. मिलले बसवलं की दादा उठते."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, बोलायची नाही. घरातल्या बाईचं न बोलणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. तो मुकाट्यानं जेवायचा आणि ताट स्वतः उचलायचा.

पण मला ऐकीव गोष्टीवर राग धरायची सवय नाही. राग धरायचा तर नीट पारखून. मी कणगीतली आमच्या शेतातली गेल्या सालची चिन्नोर काढली, दोन टोपल्या केल्या. एक नथ्थूकडून आपल्या हलरवर भरडून घेतली. दुसरी शेवंताबाईच्या डोक्यावर दिली. "समोर जा. म्हण, माह्या भावानं गावाहून पाठवली."

"अन् मोतीलालनं वळखलं तं?"

"तो तुह्या तोंडाकडं पाहणार नाही. टोपलीकडं पाहीन."

दोन्ही तांदूळ मी एका परातीत शेजारी शेजारी पसरले. आमच्यात अर्धी कनकी. समोरच्यात दाणा न् दाणा सुईसारखा. दोन चुलींवर दोन पातेली ठेवली. वास दोन्हींना सारखाच, कारण वास शेताचा असतो, गिरणीचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. पण जिभेला फरक कळला. आमच्या भाताची खीर झाली होती. त्याचा भात मोकळा. जीभ माझी आहे, ती माझंही ऐकत नाही.

त्या दिवशी वाढताना मी चिंतामणाला त्याचा भात वाढला आणि विचारलं, "हे झालं. आता सांग, तुह्या गणितात कुठी अडते?"

त्यानं घास तोंडात घेतला, थांबला, माझ्याकडं पाहिलं. समजला. तो समजतोच.

"एका जागी अडते. भोजराजले खरं वाटलं पाह्यजे की आपण चिन्नोर सोडली ती सोडलीच. त्याले वाटलं की बाई डाव खेळून राह्यली, उद्या पुन्हा सुरू करेन, तं आपण मरेपर्यंत तो भाव वर घेणार नाही. हे मले कागदावर बसवता येत नाही."

"नको बसवू. ते माहं काम."

दसऱ्याला गिरणीची पूजा असते. इंजिन पुसायचं, हलर धुवायचा, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. पूजेआधी मी नथ्थूला हलरची बारीक जाळी काढायला सांगितली. हलरच्या पोटाखाली ही जाळी असते. जाड्या धानाला मोठ्या भोकांची, चिन्नोरला बारीक. बारीक जाळी नागपूरहून मागवावी लागते आणि यायला अर्धा हंगाम घेते.

"पूजा झाल्यावर परत बसवू ना, बाई?"

"नाही."

 जाळी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी नथ्थू फडक्यानं पुसत राहिला.

ऊन उतरायच्या आत, गावातले लोक सोनं लुटून परतत होते तेव्हा, मी मालकांच्या वेळची जरीची शाल अंगावर घेतली, ताटात जाळी, तिच्यावर नारळ आणि आपट्याची पानं ठेवली आणि रस्ता ओलांडला. एकटी. दसऱ्याला लहानानं मोठ्याकडे जायचं असतं. मोठ्या घरची बाई लहानाकडे चालली म्हटल्यावर रस्त्यावरची माणसं थांबलीच. मला तेच पाहिजे होतं.

भोजराज दारात खुर्ची टाकून पाहुण्यांत बसला होता. धडपडत उठला.

"काकी! तुम्ही काहून आल्या? मी येणारच होतो सोनं द्याले."

"तू येईपर्यंत दिवाळी येईन. घे, सोनं घे. अन् हे घे."

"हे काय आहे?"

"माह्या हलरची जाळी. चिन्नोरची."

"मले कायले? माह्या मशीनले जाळी लागत नाही ना, काकी."

"तुले लागत नाही म्हणूनच तुह्यापाशी ठेवून राह्यली. मले लागन. अन् मागाले यायची मले लाज वाटन."

 मी रस्त्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले, "आजपासून माह्या मिलमधी चिन्नोर भरडली जाणार नाही. ज्याच्या घरी असन त्यानं इथी आणा. दाणा अख्खा निघते. मी खाऊन पाह्यला आहे. उसना अन् जाडा माह्याकडं. कोंडा तुमचा तुम्हाले परत."

मोतीलाल कोणाच्या तरी कानात म्हणाला, "बाईचा दिमाग फिरला." इतक्या हळू, की मलाही ऐकू आलं.

भोजराज ताट घेऊन उभा होता. ठेवताही येईना, देताही येईना. खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, याच्यात डाव काय आहे?"

"डाव आहेच. तुह्याही फायद्याचा आहे, म्हणून तुले भेव वाटून राह्यलं."

"अन् मंग मिलचं? दिवाळीपर्यंत सांगतो म्हटलं होतं तुम्ही."

"मी कुठी म्हटलं? तू म्हटलं, मी चहा पाजला. जाळी दिली, छप्पर नाही दिलं." मग मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो वाकला. चारचौघांत वाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सहजासहजी ताठ होऊ शकत नाही. मी परत रस्ता ओलांडला तेव्हा चिंतामण ओट्यावर उभा होता.  मी काढलेली शाल त्यानं माझ्या हातून घेऊन नीट घडी करून ठेवली.

आणि मग काहीच झालं नाही.

चिन्नोर तर आमच्याकडून गेलीच. जाड्या धानाच्या बंड्याही समोरच वळत होत्या. भोजराजनं भाव खालीच ठेवला होता आणि त्याची मशीन सगळ्यांना सुखानं घेत होती. रांग नाही, खोळंबा नाही. मोतीलाल आमच्याकडे पाहून मिशीवरून हात फिरवायचा. चिंतामणाचं जेवण तुटलं. रजा संपली, त्यानं तिरोडीला कळवून बिनपगारी वाढवून घेतली. एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. चेहरा राखेसारखा.

"वहिनी, चुकलं माहं. मी धानाची वेळ धरलीच नाही. लवकर पिकणारा हलका धानच आता निघून राह्यला. चिन्नोर भारी आहे, ती कार्तिकाशिवाय कापणीले येत नाही. अजून चिन्नोर वावरात उभी आहे, अन् मी तिले रांगेत उभी केली."

मला हसू आलं. "मँगनीज पिकत नाही ना. बारा महिने सारखंच. तुह्या ध्यानात कसं येईन?"

"तुम्हाले माहीत होतं?"

"धान केव्हा पिकते ते मले माहीत नसन? मले वाटलं, तू धरलं असन."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तुह्या गणितात मी कायले बोट घालू? तू माह्या दसऱ्यात घातलं का?" मी त्याच्यापुढं चहा ठेवला. "धर आता वेळ. कार्तिकापर्यंत दम काढता येईन का, एवढं सांग."

त्यानं तिथंच बसल्या बसल्या पाहिलं. येईल, म्हणाला, इंजिन एक दिवसाआड चालवलं तर. मी म्हणाले, इंजिन आड असो, चूल आड राहणार नाही. घरचाच धान होता नव्हता तो रोज उसनला. समोरच्याला धूर दिसला पाहिजे. धूर बंद झाला की माणूस मेला समजतात, गिरणीचंही तेच.

कार्तिक उतरला आणि चिन्नोर आली. आधी दोन-चार बंड्या, मग बाजाराच्या दिवशी भोजराजच्या दारापासून चिंचेपर्यंत, मग चिंचेच्याही पुढं. चिंतामण म्हणाला होता तसंच, कालपर्यंत शांत आणि आज ऊतू. मोतीलाल रांगेत धावत होता, जाडा धानवाल्यांना मागं सारत होता, शिव्या खात होता. ओट्यावरून मी पाहत होते. लालबर्‍याकडच्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ उन्हात वाट पाहिली, मग बैलांचं तोंड आमच्याकडं वळवलं. त्याच्या मागच्यानं वळवलं. त्याच्या मागच्यानं.

"बाई, कोंडा भेटन ना?"

"कोंडा तुहाच आहे बाप्पा. आण इकडं."

भोजराजनं त्याच आठवड्यात भाव वर घेतला. त्याला आता खाली ठेवायचं कारण उरलं नव्हतं. मीही थोडा वर घेतला. आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. इंजिन रोज चालू लागलं. चिंतामण ज्या दिवशी तिरोडीच्या गाडीत बसला त्या दिवशी मी त्याला म्हणाले, "आता लग्नाचं मोज." तो म्हणाला, "ते कागदावर बसत नाही, वहिनी." मी म्हणाले, "मंग तेही माहं काम."

मार्गशीर्षात मालकांची तिथी येते. तिथीला भात लागतो, आणि तो चिन्नोरचाच. जिवंतपणी त्यांनी दुसरा खाल्ला नाही. चिंतामण आदल्या दिवशी आला. आमच्या शेतातल्या चिन्नोरचं पोतं त्यानं आणि नथ्थूनं बंडीत चढवलं. नथ्थू म्हणाला, "मी नेतो, बाई. तुम्ही कायले?" मी म्हणाले, माझ्या मालकाचा भात आहे.

मी बंडीत बसले. रस्ता ओलांडायला दहा पावलंही नव्हती, पण रांगेचं शेपूट चिंचेच्या पार पुढं होतं, म्हणून बंडी आधी बालाघाटकडे न्यावी लागली, मग वळवून आणावी लागली. शेपटाला जाऊन लागलो. पुढच्या बंडीवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि बिडी विझवली.

थोड्या वेळानं भोजराज उघड्या डोक्यानं धावत आला.

"काकी! तुम्ही काहून रांगेत? पुढं घ्या बंडी. आत्ता काढून देतो. मोतीलाल! बाजू करा रे साऱ्या!"

"कोणाले बाजू करू नको," मी म्हणाले. "माह्या पुढं लोक आहेत."

"पण तुम्ही..."

"मी चिन्नोर घेऊन आली. बाकीचे काय घेऊन आले? जा, तुही मशीन पाहा."

तो परत मशीनकडं गेला. चिंतामण बैलांपाशी खाली उभा होता. समोर, रस्त्यापलीकडं, आमची मिल दिसत होती. इतकी वर्षं मी तिला आतूनच पाहिली होती. इथून ती बुटकी दिसली. चुलींचा धूर सरळ वर चालला होता. मालकांच्या नावाची पाटी तिच्या जागी होती. नावाखाली 'चिन्नोर' हा शब्द होता, तो नथ्थूनं कधीतरी चुन्यानं झाकला होता. मला न विचारता. बरं केलं होतं.

भोजराजच्या गिरणीतून पहिल्या भरडीचा ऊन ऊन वास आला आणि साऱ्या रांगेवरून गेला. चिंतामणानं तोंड दुसरीकडं केलं. मी पदर सारखा केला आणि ताठ बसून राहिले.

पुढची बंडी सरकली. मी कासरा थोडा ढिला सोडला.